घरातली जमीन

मराठीत शेताला जमीन म्हणतात आणि घरात जिच्यावर आपण पाट मांडतो तीही जमीनच. प्रस्तुत लेखकाची मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतील चौतीस वर्षे पहिल्या प्रकारच्या जमिनीत गेली. खसरा, खतौनी, नामांतरण, सीमांकन आणि त्यांवरून भावाभावांत लागणारे दावे, यांतच सारे दिवस सरले. घरातल्या जमिनीकडे लक्ष देण्याची वेळ आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही एका अपघातामुळे.

आमचे घर पोलोग्राउंडपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. पोलोग्राउंडात आज पोलो नाही आणि मोकळे मैदानही उरलेले नाही. संस्थानी काळातील खेळाची आठवण केवळ नावात राहिली. जागेवर औद्योगिक वसाहत उभी राहिली, वीज वितरण कंपनीचे मोठे कार्यालय आले, गोदामे आली. माझ्या लहानपणी त्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये हातदाबाच्या यंत्रावर सिमेंटच्या फरश्या पाडीत असत. शाळा सुटल्यावर दारात उभे राहून ते काम पाहणे हा आम्हा मुलांचा आवडता उद्योग होता. साचा उघडला की ओली, चकचकीत फरशी बाहेर येई आणि कारागीर ती बाळंतिणीच्या हातून मूल घ्यावे इतक्या जपून उचली. त्याच परिसरातील एका गोदामातून साठ वर्षांनी मी सिरॅमिक फरशीची खोकी घरी आणली. या दोन फेऱ्यांच्या मध्ये काय काय घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात माझी सत्याऐंशी वर्षांची आई बाहेरच्या खोलीत अडखळून पडली. हाड मोडले नाही, एवढेच दैव. त्या खोलीची नक्षीदार फरशी एका कोपऱ्यात दोन बोटे खचली होती आणि खचलेल्या भागाची कड वर आली होती. त्याच रात्री घरात बैठक बसली. धाकट्या भावाचे मत स्पष्ट होते: "दादा, सगळी जुनी फरशी फोडून काढ आणि घरभर एकच नवी टाइल बसव." माझे मन होत नव्हते. कारण ती फरशी आजोबांनी १९३६ साली घर बांधले तेव्हाची, आणि 'विलायती मिंटनची' अशी तिची घरात ख्याती. आईचे मत कोणी विचारले नाही. तिने ते पुढे आपणहून सांगितले; त्याविषयी यथाक्रम.

आमच्या घरात तेव्हा तीन पिढ्यांच्या तीन जमिनी नांदत होत्या. बाहेरच्या खोलीत नक्षीची फरशी, माजघरात कोबा आणि स्वयंपाकघरात कोटा. त्या कोट्याखाली १९६८ पर्यंत शेणाने सारवलेली मातीची जमीन होती. इंदूरच्या बहुतेक जुन्या मराठी घरांत थोड्याफार फरकाने हाच क्रम आढळेल. तेव्हा प्रथम त्या मातीच्या जमिनीविषयी.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मल्हारराव होळकरांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ साली, होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली आणि कारकून, भिक्षुक, शिलेदार यांची घरे येथे कायमची वसली. राजवाड्याची रचना सर्वांना ठाऊक आहे: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. सामान्यांच्या घरांना एवढी ऐपत कोठून? त्यांच्या भिंती मातीच्या आणि जमीनही मातीचीच.

परंतु माळव्याची माती ही साधी माती नव्हे. ज्या काळ्या मातीने येथे गहू आणि कापूस पिकविला, तीच घराची वैरीण आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि वैशाखात सुकून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट घातलेली कोणतीही जमीन वर्षभरात हलते. म्हणून जुनी माणसे काळी माती काढून तेथे मुरूम घालीत, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकीत, वर पांढरी माती आणि भुसा तुडवून केलेला थर देत आणि तो ओलसर असतानाच लाकडी चोपण्याने चोपीत. चोपण्याचे काम दिवस दिवस चाले. शेवटी शेणाचे सारवण. अशी जमीन उन्हाळ्यात गार राही, तडा गेला तर मूठभर मातीने सांधली जाई, आणि मालवी मातीबरोबर थोडीफार हलण्याची तिची तयारी असे. स्थापत्याच्या दृष्टीने ती मुळीच अडाणी नव्हती.

मात्र तिची किंमत दर आठवड्याला द्यावी लागे आणि ती घरातील स्त्रिया देत. लग्न होऊन १९५६ साली आई देवासहून या घरात आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पहाटे उठून चुलीभोवती पोतेरे, जेवणे झाली की पंगतीच्या जागेवर शेणगोळा, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण स्वयंपाकघर सारवणे. हिवाळ्यात थंड पाण्यात कालवलेले शेण, ओणवे होऊन मागे मागे सरकत काढलेल्या हाताच्या अर्धवर्तुळाकार रेघा. मला आठवतो तो ओल्या सारवणाचा वास. मी एकदा आईजवळ त्या वासाचे कौतुक केले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, तो वास तुम्हा पुरुषांना आठवतो. मला माझे गुडघे आठवतात." या लेखाचा खरा आरंभ त्या वाक्यात आहे.

मातीच्या जमिनीवर दुसरा आक्षेप आला तो आरोग्याचा. मुंबईत १८९६ साली प्लेग प्रगटला आणि पुढील दोन दशकांत त्याने देशभर थैमान घातले. इंदूरही सुटले नाही. उंदीर, त्यांच्या अंगावरील पिसवा आणि प्लेग यांचा संबंध सिद्ध झाल्यावर घरातील जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली, कारण मातीच्या जमिनीत व मातीच्या भिंतीत उंदराला बीळ करणे सोपे.

याच काळात तुकोजीराव होळकर तृतीय यांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास इंदुरास पाचारण केले. जीवशास्त्रातून नगररचनेकडे वळलेल्या या विद्वानाने १९१८ साली इंदूर दरबारास दोन भागांत अहवाल सादर केला. शहराच्या वाढीची चर्चा आजही त्या अहवालापासून सुरू होते. गेडिस यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. लोक आपल्याकडे संशयाने पाहतात, हे ध्यानात येताच त्यांनी महाराजांकडे एका दिवसाचे राज्य मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या गल्लीतील घरे अधिक स्वच्छ आणि दुरुस्त, त्या गल्लीतून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मग काय विचारता! गल्लीगल्लीत घरे झाडली गेली, उकिरडे उपसले गेले, भिंतींना चुना लागला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षसी उंदीरही होता.

गेडिस यांचे दुसरे सूत्र आमच्या कामास अधिक उपयोगी पडले. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. रोगट तेवढा भाग काढावा, निरोगी तो राखावा, शल्यविशारद जितका जपून चाकू चालवतो तितक्याच जपून नगररचनाकाराने कुदळ चालवावी, असा त्यांचा आग्रह असे. शहराला लागू पडणारा हा नियम एका खोलीलाही लागू पडावा, असे मला पुढे वाटू लागले.

प्लेगनंतरच्या पिढीने पक्क्या जमिनीचा ध्यास घेतला. ज्यांना परवडले त्यांनी चुन्याचा किंवा सिमेंटचा कोबा केला. परंतु दर्शनी खोलीत 'टाइल' असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि टाइल म्हणजे मिंटन. या नावाची कुळकथा अशी. इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसर याने १८४० साली मातीची जवळजवळ कोरडी भुकटी प्रचंड दाबाखाली साच्यात बसविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. ती कृती आरंभी गुंड्या करण्यास वापरली गेली. स्टोक-ऑन-ट्रेंट येथील कुंभारकामाचे कारखानदार हर्बर्ट मिंटन यांनी तिच्यातील शक्ती ओळखून फरश्यांकडे ती वळविली. निरनिराळ्या रंगांच्या माती एकीत एक जडवून भाजलेल्या नक्षीदार फरश्याही त्यांच्या कारखान्यातून जगभर गेल्या. या जडावाच्या फरशीत नक्षी वरवर रंगविलेली नसते. ती मातीतच बसविलेली असते, म्हणून शंभर वर्षे पाय पडले तरी पुसत नाही. मुंबईला भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे १८७२ साली व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणून उघडले, अशी मिंटनची फरशी पाहावयास मिळते.

जहाजातून येणारी ही फरशी महाग पडे. तिला देशी उत्तर मिळाले ते स्वदेशीच्या लाटेत. फिरोजशा सिधवा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स हा उद्योग सुरू केला. विलायती मालासारखीच दिसणारी, पण येथेच घडविलेली फरशी द्यावयाची, हा त्यांचा निश्चय होता. ही फरशी भट्टीत भाजलेली नसून सिमेंटची होती. पितळी जाळीच्या साच्यात रंगीत सिमेंट, पांढऱ्या सिमेंटमध्ये खनिज रंग आणि संगमरवराची पूड मिसळून, ओतावयाचे. जाळी अलगद उचलावयाची. वर कोरडा थर आणि त्यावर वाळू-सिमेंटचा जाड थर देऊन दाबयंत्राखाली दाबावयाचे. मग विस्तवाऐवजी पाण्यात ठेवून तिला पक्की करावयाचे. पोलोग्राउंडच्या शेडमध्ये बालपणी मी पाहत असे ती हीच कृती, थोड्या साध्या रूपात. पुढे देशभर गावोगावी असे लहान कारखाने निघाले. तरी लोकांच्या तोंडी नाव मिंटनचेच राहिले.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत संगमरवराच्या कपच्या घातलेली मोझेक फरशी आणि कोटा यांचे राज्य आले. पुण्याच्या नातलगांकडे शहाबादी, तशी आपल्याकडे कोटा. राजस्थानातील कोटा जिल्ह्यातील रामगंजमंडीच्या खाणींतून निघणारा हा हिरवट-निळसर चुनखडीचा दगड इंदूरला मुंबईच्या मालापेक्षा जवळचा आणि स्वस्त. आमच्या स्वयंपाकघरात तो १९६८ साली बसला. वडिलांनी त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली होती. आजीने आरंभी विरोध केला. दगडावर शेण लावता येत नाही, मग सोवळे कसे राहावयाचे, हा तिचा प्रश्न होता. ओल्या फडक्याने पुसलेली जमीन शुद्ध मानावी की नाही, यावर आमच्या घरी दोन आठवडे खल चालला. अखेर वयाने आजीनेच तडजोड केली. सणावारी एका कोपऱ्यात नावापुरते गोमूत्र शिंपडावयाचे, असे ठरले. आईच्या आयुष्यातील रोजची दीड-दोन तासांची मेहनत त्या दिवशी संपली. त्यानंतरच तिने अर्धवट राहिलेली मॅट्रिकची परीक्षा बाहेरून दिली. फरशीच्या इतिहासात या गोष्टीची नोंद कोठे सापडणार नाही, म्हणून येथे करून ठेवतो.

आता सिरॅमिककडे येऊ. आज बाजारात जी फरशी मिळते ती बहुतांश सौराष्ट्रातील मोरबी आणि आसपासच्या गावांतून येते. त्या प्रदेशातील चिनीमातीच्या उद्योगाच्या आरंभी एक मराठी नाव आहे, हे आपणा माळव्यातील मराठी मंडळींना ऐकून बरे वाटेल. परशुराम गणपुले यांनी थानगढच्या बाजूला हा उद्योग रुजविला, आणि त्यांच्या नावाचा परशुराम पॉटरी वर्क्स हा कारखाना मोरबी-वांकानेर भागात दीर्घकाळ नावाजलेला होता. घर सोडून परमुलखात जाणे आणि तेथल्या मातीत काही उभे करणे, हे केवळ होळकर-शिंद्यांच्या शिलेदारांनीच केले असे नाही. पुढे एच. अँड आर. जॉन्सन या कंपनीने १९५८ पासून झिलईच्या फरश्या भारतात करण्यास आरंभ केला. त्या आधी न्हाणीघरांच्या व स्वयंपाकघरांच्या भिंतींवर चढल्या आणि मग हळूहळू जमिनीवर उतरल्या. मोरबीने ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरण फुटल्याचा प्रलय पाहिला, तरी ते गाव पुन्हा उभे राहिले आणि आज त्याचा माल देशोदेशी जातो.

कृती तत्त्वतः प्रॉसरचीच आहे. माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांची बारीक भुकटी शेकडो टनांच्या दाबाखाली बसवितात, वर झिलई आणि नक्षी देतात, आणि रुळांवरून सरकत ती लांब भट्टीतून अकराशे अंशांहून अधिक तापमानात भाजून निघते. जुन्या भट्टीला दिवस लागत. आता तासाभराच्या आत फरशी बाहेर पडते. परंतु या वेगाचीही एक किंमत आहे. गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्याने मोरबी-थानगढच्या कामगारांत सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार आढळतो. कोळशापासून वायू करणाऱ्या तेथील भट्ट्यांच्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१९ साली त्या बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. आईच्या गुडघ्यांवरचा भार उतरला, हे खरे. तो नाहीसा झाला असे मात्र म्हणता येत नाही. त्यातला काही भाग अनोळखी माणसांच्या छातीवर जाऊन बसला.

असो. आमच्या घरी निर्णय होत नव्हता. तेव्हा एके दिवशी आईच म्हणाली, "फोडा म्हणणारा एक आणि ठेवा म्हणणारा एक. दोघांनी खाली काय आहे ते पाहिले का?" महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या मुलाला आईने स्थळपाहणीचा नियम शिकवावा, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने लाकडी दांड्याने साऱ्या खोलीवर ठोकून पाहिले. जेथे जमीन भरीव तेथे आवाज बद्द येतो, जेथे पोकळ तेथे घुमतो. खचलेल्या कोपऱ्यातील चार फरश्या त्याने छिन्नीने दर्जा मोकळ्या करून सावकाश उचलल्या आणि खालचा ढेकूळ माझ्या हातात दिला. "साब, नीचे तो काली मिट्टी है." आजोबांच्या कंत्राटदाराने त्या बाजूला मुरूम घातलाच नव्हता. शेजारच्या मोरीचे पाणी अनेक वर्षे झिरपत होते, माती फुगत आणि सुकत होती.

मी मात्र हातातल्या फरशीची पाठ पाहत राहिलो. ती भाजलेल्या मातीची नव्हती. करडे, खरखरीत वाळू-सिमेंट, आणि वर जेमतेम दोन-तीन दोरे जाडीचा रंगीत थर. ऐंशीहून अधिक वर्षे आमच्या घराण्याने पाहुण्यांना विलायती मिंटन म्हणून दाखविलेली ती फरशी साधी देशी सिमेंटची होती! धाकटा भाऊ मोठ्याने हसला. मला मात्र ती त्या क्षणी अधिक मोलाची वाटली. संस्थानी नोकरीतील माझे आजोबा उघडपणे स्वदेशीचे नाव घेऊ शकत नव्हते. ती फरशी त्यांनी स्वदेशी म्हणून आणली की केवळ स्वस्त म्हणून, याचा दाखला फरशीच्या पाठीवर लिहिलेला नसतो. परंतु दप्तरातील नोंदीपेक्षा जागेवरचा पुरावा वरचढ, हे तत्त्व मी शेकडो प्रकरणांत लिहिले होते. आता ते स्वतःच्या घराण्याच्या अभिमानाला लागू करावे लागले.

मग गेडिसच्या सूत्राने निर्णय झाला: रोगट तेवढे काढावयाचे. बाहेरच्या खोलीची सर्व फरशी उचलली. सुमारे दोन तृतीयांश फरश्या धड निघाल्या. मोरीची गळती आधी बंद केली. दोन फूट काळी माती काढून मुरूम भरला, सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी देऊन ठोकला, वर चार इंच काँक्रीट घातले आणि त्याला दहा दिवस पाणी मारले. हे काम मुद्दाम वैशाखात उरकले, कारण काळी माती तेव्हा आकसून बसलेली असते.

नवी फरशी निवडताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. वाचकांपैकी कोणाच्या घरी काम निघाल्यास उपयोगी पडतील म्हणून नोंदवतो. पहिली, फरशी किती पाणी शोषते यावरून तिची जात ठरते. भिंतीसाठीची फरशी वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते, म्हणून ती जमिनीवर लावू नये. व्हिट्रिफाइड म्हणतात ती अर्धा टक्काही पीत नाही, म्हणून साध्या सिमेंटला ती नीट धरत नाही आणि तिला खास चिकटद्रव्य लागते. दुसरी, घरात वृद्ध माणूस असेल तर आरशासारखी फरशी दुकानातच ठेवावी. आम्ही स्वयंपाकघर, मोरी आणि आईची खोली यांसाठी खरखरीत पोताची सिरॅमिक फरशी घेतली.

बसविणे हे बारकाईचे काम आहे. मिस्त्रीने पाण्याच्या नळीने चारी भिंतींवर एका पातळीच्या खुणा केल्या, गुण्या लावून दोरी ताणली, आणि खोलीचे दोन्ही कर्ण मोजून दाखविले. आमची एकही खोली काटकोनात नव्हती. फरश्या आधी कोरड्या मांडून पाहिल्या, म्हणजे कापलेले तुकडे दाराशी न येता भिंतीकडेला, कपाटाखाली जातात. सिरॅमिक फरशी पाण्यात भिजवून घेतली, नाहीतर ती मसाल्यातील पाणी ओढून घेते आणि पुढे पोकळ वाजते. सांध्यांत प्लास्टिकच्या बारीक कड्या ठेवून दर्जा सारख्या राखल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी पाय ठेवावयाचा नाही, अशी ताकीद होती. मांजराने ती पाळली नाही, आणि स्वयंपाकघरात एक फरशी किंचित कललेली आहे ती त्यामुळे.

खरा पेच उंबऱ्याचा आला. स्वयंपाकघरातील कोटा पक्का होता. त्याला टाचे मारून वरच नवी फरशी बसविणे स्वस्त आणि सोयीचे, असे मिस्त्रीचे म्हणणे. परंतु तसे केल्यास जमीन दीड-दोन इंच वर येऊन सागवानी उंबरा तिच्यात बुडून जाणार होता. शहरातील कितीतरी घरांतून उंबरे असेच नाहीसे झाले आहेत. ते कोणी काढले नाहीत. जमीन त्यांच्यापर्यंत चढत गेली. मी उंबरा राखण्याच्या बाजूचा होतो. गौरी येतात त्या उंबरा ओलांडून, त्यांची पावले तेथूनच काढतात, असे मी म्हणालो. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शेण आणून देणारी बाई आठवते तुला? बारा वर्षे येत होती. तो उंबरा तिने कधी ओलांडला नाही. आम्ही ओलांडू दिला नाही."

आम्हा सर्वांना ती आठवत होती. तिच्या हातचे शेण आमच्या स्वयंपाकघरात चाले. ती चालत नसे. आम्ही मुले हे पाहत होतो आणि त्यात काही विपरीत आहे असे आमच्या मनातही आले नव्हते. जुन्या जमिनीच्या आठवणी काढताना आपण वास, गारवा, रांगोळी एवढेच आठवतो. त्याच जमिनीवर कोणी कोठवर यावे याच्या रेघाही आखलेल्या होत्या, हे सांगावयाचे राहून जाते. इतिहास लिहावयाचा तर तोही लिहिला पाहिजे.

शेवटी स्वयंपाकघरातला कोटा काढला, नवी फरशी जुन्याच पातळीवर बसविली आणि उंबरा राहिला. तो राहावा असे शेवटी आईनेच सांगितले, पण एका अटीवर. काम संपले त्या दिवशी मिस्त्री, त्याचे दोन मदतनीस आणि मसाला कालवणारी बाई यांना स्वयंपाकघरात, नव्या जमिनीवर पाट मांडून जेवावयास वाढावयाचे. पुरणपोळीचा बेत झाला. मसाला कालवणारी बाई उंबऱ्याशी जरा थबकली. आई आतून म्हणाली, "ये ग, ये." ती आत आली.

उरलेल्या जुन्या नक्षीच्या फरश्या ओसरीवर पुन्हा बसविल्या. मधल्या चौकटीपुरत्या त्या पुरल्या. कडेला कोट्याच्या पट्ट्या लावल्या. त्यांतील एक फरशी मुद्दाम सुटी ठेवली आहे. घरी येणाऱ्या मंडळींना आता ती उलटी करून पाठ दाखवतो आणि आमच्या 'मिंटन'ची खरी कथा सांगतो. त्यानंतर दोन पावसाळे गेले. भाद्रपदात गौरी आल्या, नव्या फरशीवर रांगोळीची पावले उमटली. ती सारवलेल्या जमिनीइतकी धरून राहत नाहीत. वाऱ्याने हलतात, पुन्हा काढावी लागतात. ती आता माझी पत्नी आणि सून मिळून काढतात. आई खुर्चीवर बसून कोठे वाकडी झाली ते सांगते.

बाहेरच्या खोलीतला कोपरा अद्याप खचलेला नाही. तरी दर पावसाळ्यानंतर मी लाकडी दांड्याने तेथे एकदा ठोकून पाहतो.